मुंजे, सावरकर, नेताजी: मुसोलिनी आणि हिटलरबद्दल आपले नेते नेमकं काय म्हणाले होते?

२८ मे जवळ आला की ठाणे-डोंबिवलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारच्या पोस्ट हमखास फिरतात. एकीत अंदमानातल्या जन्मठेपेची आठवण असते. दुसरीत 'हिटलरचं कौतुक करणारे सावरकर' असं लिहून खाली एखादं वाक्य दिलेलं असतं, ज्याला ना तारीख असते ना गाव. २३ जानेवारीला हाच प्रकार नेताजींच्या बाबतीत होतो. तिथे हिटलरशी हस्तांदोलन करतानाचा फोटो असतो. मग ग्रुप ॲडमिन 'राजकीय पोस्ट नको' असं बजावतो आणि विषय तिथेच थांबतो.

ठाण्यात सावरकरनगर आहे, डोंबिवलीत पूर्वेला सावरकर रोड आणि पश्चिमेला सुभाष रोड. ज्यांच्या नावाच्या रस्त्यांवरून आपण रोज स्टेशन गाठतो, त्यांनी दुसऱ्या महायुद्धाआधी मुसोलिनी आणि हिटलर यांच्याबद्दल काय म्हटलं होतं, हे माहीत असायला हरकत नसावी. यातलं बरंचसं कागदावर आहे: डायरीत, वर्तमानपत्रात, भाषणांच्या सरकारी नोंदींमध्ये.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. 'फॅसिझमबद्दल सहानुभूती' या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. कुणाला इटलीची शिस्त आणि कवायत आवडली. कुणाला इंग्रजांविरुद्ध एक बलाढ्य मित्र हवा होता. आणि कुणाला अल्पसंख्याकांशी कसं वागायचं याचं उदाहरण तिथे सापडलं. तिन्हींचं वजन सारखं नाही. शिवाय कोण कधी बोललं, यानेही बराच फरक पडतो. १९२४ चा मुसोलिनी आणि १९३८ चा हिटलर यांच्यामध्ये १४ वर्षं आहेत, आणि त्या १४ वर्षांत जगाला बरंच काही कळलं होतं.

मराठी माणसाला इटलीच का आवडली?

याचं उत्तर मुसोलिनीच्या खूप आधी सुरू होतं. एकोणिसाव्या शतकात इटली हा एक देश नव्हता. तुकडे होते आणि काही भागांवर ऑस्ट्रियाचं राज्य होतं. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्या चळवळीनंतर तो देश एक झाला. परकी सत्ता, प्राचीन संस्कृती, विखुरलेला समाज आणि गुप्त संघटना ही गोष्ट आपल्याकडच्या शिकलेल्या तरुणांना स्वतःचीच वाटायची. सावरकरांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं. १९०७ मध्ये ते पुण्यात छापलं गेलं आणि इंग्रज सरकारने नंतर त्यावर बंदी घातली. 'अभिनव भारत' या गुप्त संघटनेसमोर मॅझिनीच्या 'यंग इटली'चाच नमुना होता.

त्यामुळे १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला, तेव्हा मराठी वाचकाच्या मनात इटलीची जागा तयार होती. मॅझिनीच्या देशात पुन्हा कुणीतरी उभा राहिला, असंच अनेकांना वाटलं. मुसोलिनी लोहाराचा मुलगा होता, काही काळ शाळामास्तर आणि नंतर वर्तमानपत्राचा संपादक होता. हे वर्णन पुण्या-नागपूरच्या वाचकाला परकं वाटणारं नव्हतं.

'केसरी'ने हा विषय लावून धरला. १९२४ ते १९३५ या काळात 'केसरी'त इटली, फॅसिझम आणि मुसोलिनी यांच्यावर सातत्याने लेख आणि अग्रलेख येत राहिले. सूर साधारण असा असायचा: इटलीत गोंधळ होता, संप होते, पक्षांची भांडणं होती. एका खंबीर माणसाने हे सगळं मोडून शिस्त आणली. १९२९ मधल्या एका लेखात इटलीच्या तरुण पिढीने देशाचं नेतृत्व हाती घेतल्याचं कौतुक आहे. 'केसरी'चे लंडनचे बातमीदार दा. वि. ताम्हणकर यांनी १९२७ मध्ये मुसोलिनी आणि फॅसिझम या विषयावर मराठीत पुस्तकच लिहिलं. त्याचं शेवटचं प्रकरण फॅसिस्ट समाजव्यवस्था आणि तिथल्या युवक संघटना यांच्यावर आहे. हेच ताम्हणकर पुढे लोकमान्य टिळक, झाशीची राणी आणि सरदार पटेल यांचे इंग्रजी चरित्रकार म्हणून ओळखले गेले.

इथे एक विसंगती नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. लेख लिहिल्याबद्दल 'केसरी'च्या संपादकाला, म्हणजे टिळकांना, मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढावी लागली होती. त्याच 'केसरी'त ज्याचं कौतुक छापून येत होतं, त्या मुसोलिनीने १९२५-२६ मध्ये विरोधी वर्तमानपत्रं बंद पाडली होती. समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती याचा जून १९२४ मध्ये फॅसिस्टांनी खून केला होता, आणि ती बातमी जगभर गाजली होती. म्हणजे माहिती नव्हती असं म्हणता येत नाही. शिस्त हवी असेल तर एवढं चालायचंच, असा हिशेब होता.

डॉ. मुंजे रोममध्ये

या सगळ्या प्रकरणात सर्वात तपशीलवार पुरावा आहे तो डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा, आणि तोही त्यांच्याच हातचा.

मुंजे हे नागपूरचं मोठं प्रस्थ. जन्म १८७२ चा, बिलासपूरचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि डोळ्यांचे तज्ज्ञ म्हणून नाव कमावलं. बोअर युद्धाच्या वेळी वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. टिळकांचे कट्टर अनुयायी, हिंदू महासभेचे अध्यक्ष आणि डॉ. हेडगेवारांचे मार्गदर्शक. नागपूरला सीताबर्डीत मेट्रोतून उतरलात तर समोर मुंजे चौक लागतो, तो यांच्याच नावाचा.

लंडनची पहिली गोलमेज परिषद जानेवारी १९३१ मध्ये संपली. मुंजे तिथून युरोप फिरायला निघाले. हा फेरफटका हौसेचा नव्हता. त्यांच्या डोक्यात एकच विषय होता, लष्करी शिक्षण. इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचं एक खूळ काढलं होतं. पंजाबी, पठाण, गुरखे हे लढणारे आणि बाकीचे भित्रे, अशी वाटणी करून सैन्यभरती व्हायची. मुंजेंना हे अपमानास्पद वाटायचं. आणि स्वराज्य मिळालंच तर ते सांभाळायला अधिकारी कुठून आणायचे, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्यासाठी ते युरोपातल्या लष्करी शाळा बघत हिंडले.

१५ ते २४ मार्च १९३१ या दहा दिवसांत ते इटलीत होते. १९ मार्चला रोममध्ये त्यांनी लष्करी महाविद्यालय, शारीरिक शिक्षणाची संस्था आणि 'बालिला' ही मुलांची संघटना पाहिली. १७४६ मध्ये जेनोआ शहरात ऑस्ट्रियन सैनिकांवर दगड भिरकावणाऱ्या एका मुलाचं हे टोपणनाव. मुसोलिनीने १९२६ मध्ये त्याच नावाने मुलांची सरकारी संघटना काढली. ८ ते १४ वयाची मुलं बालिलात, त्यापुढची १८ पर्यंतची 'अवानग्वार्दिस्ती'त. गणवेश, कवायत, छोट्या बंदुका आणि नेत्याच्या नावाने शपथ. मोठेपणी हीच मुलं पक्षात आणि फॅसिस्ट लष्करी दलात जायची.

मुंजेंनी डायरीत या सगळ्याचं वर्णन करून ठेवलं आहे, आणि ते भारावलेल्या माणसाचं वर्णन आहे. हिंदुस्थानाला, विशेषतः हिंदूंना, अशीच काहीतरी संस्था हवी, असं त्यांनी लिहिलं. त्याच दिवशी पालात्सो व्हेनेत्सिया या राजवाड्यात ते खुद्द मुसोलिनीला भेटले. मुसोलिनीने विचारलं की या संस्था कशा वाटल्या. मुंजेंचं उत्तर असं होतं की वाढू पाहणाऱ्या प्रत्येक राष्ट्राला अशा संघटनांची गरज आहे आणि हिंदुस्थानाला तर सर्वाधिक.

मुंजेंचे कागद दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या संग्रहात आहेत. मार्झिया कासोलारी या इटालियन इतिहासकार बाईंनी ते वाचून जानेवारी २००० मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त एक दीर्घ लेख लिहिला. आज सोशल मीडियावर या विषयाचं जे काही फिरतं, त्यातलं बहुतेक त्या लेखातूनच कापून आलेलं आहे. फक्त कापताना आजूबाजूचं सगळं गळून पडलंय.

मग संघाची खाकी मुसोलिनीकडून आली का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला १९२५ मध्ये. मुंजे इटलीला गेले १९३१ मध्ये. म्हणजे शाखा, कवायत आणि गणवेश या गोष्टी मुंजेंच्या दौऱ्याआधीच्या आहेत. १९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनातही गणवेशातलं स्वयंसेवक पथक होतं, आणि खाकी तर इंग्रजांच्या फौजेमुळे आणि पोलिसांमुळे गल्लोगल्ली दिसायची. खुद्द मुंजेंनीच डायरीत लिहिलंय की नागपुरात हेडगेवारांचा संघ याच धर्तीचा आहे, पण त्याची कल्पना स्वतंत्रपणे सुचलेली आहे.

तेव्हा 'सगळं मुसोलिनीकडून उचललं' हे खरं नाही. पण 'काहीच संबंध नाही' हेही टिकत नाही. जानेवारी १९३४ मध्ये फॅसिझम आणि मुसोलिनी या विषयावर एक परिषद झाली, तिचे अध्यक्ष हेडगेवार होते आणि समारोपाचं भाषण मुंजेंचं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये हिंदूंचं लष्करी संघटन कसं करायचं यावर हेडगेवारांशी झालेल्या चर्चेची नोंद मुंजेंकडे आहे. पुण्याच्या 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकाला त्यांनी परत आल्या आल्याच मुलाखत देऊन जर्मनी-इटलीच्या युवक चळवळींचं अनुकरण करा असं सांगितलं होतं.

डोक्यातली संस्था त्यांनी प्रत्यक्षातही आणली. १९३५ मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल. कसारा घाट चढून नाशिकला जाणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना 'रामभूमी'चा तो परिसर माहीत असेल. शाळा आजही सुरू आहे.

मला स्वतःला वाटतं, भोसला स्कूलला 'भारतातली बालिला' म्हणणं हा ताणलेला शब्द आहे. बालिला ही सत्तेच्या हातातली यंत्रणा होती. देशातल्या प्रत्येक मुलाला त्यात ओढायचं आणि पक्षाचा सैनिक बनवायचं हे तिचं काम. इंग्रजांच्या राज्यात परवानग्या काढून चालणारी एक खासगी निवासी शाळा तसं काही करू शकत नव्हती, आणि मुंजेंनी इंग्लंडच्या शाळांमधूनही बरंच घेतलं होतं. पण शाळेच्या योजनेची प्रस्तावना वाचली की पोटात गोळा येतो. युद्धात आपली कमीत कमी हानी होऊन समोरची जास्तीत जास्त माणसं मारण्याच्या खेळासाठी मुलांना तयार करायचं, अशा अर्थाची भाषा तिथे उघड वापरली आहे. मुलांसाठीच्या शाळेच्या पत्रकात.

गांधी आणि टागोरही भेटले होते

मुंजेंच्या भेटीनंतर नऊच महिन्यांनी, १२ डिसेंबर १९३१ ला, महात्मा गांधी रोमला मुसोलिनीला भेटले. दुसऱ्या गोलमेज परिषदेवरून परतताना. त्यांनाही बालिलाच्या मुलांची कवायत दाखवण्यात आली. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी आधी स्वित्झर्लंडमध्ये गांधींना सावध केलं होतं, तरी ते गेले. नंतर रोलाँना लिहिलेल्या पत्रात गांधी म्हणतात की मुसोलिनी हे त्यांना कोडं वाटतं, त्याच्या काही सुधारणा आवडतात, पोलादी पंजा दिसतो, पण हिंसा हा तर पाश्चात्त्य समाजाचा पायाच आहे. आज वाचताना हे मत फारच सौम्य वाटतं.

रवींद्रनाथ टागोर १९२६ मध्ये मुसोलिनी सरकारचे पाहुणे म्हणून इटलीत फिरले. त्यांचे कौतुकाचे उद्गार तिथल्या वर्तमानपत्रांनी वाढवून छापले. इटलीतून बाहेर पडल्यावर रोलाँ आणि इटलीतून परागंदा झालेल्या लोकांकडून त्यांना खरी परिस्थिती कळली, आणि ऑगस्ट १९२६ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये त्यांचं फॅसिझमवर टीका करणारं पत्र छापून आलं. इटलीच्या वर्तमानपत्रांनी मग त्यांना शिव्या घातल्या.

परदेशात तर यादी लांबलचक आहे. चर्चिल यांनी १९२७ मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीची तारीफ केली. ब्रिटनचे माजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज १९३६ मध्ये हिटलरला भेटून भारावून परतले. हेन्री फोर्ड आणि विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९३८ मध्ये नाझी सरकारचे सन्मान स्वीकारले. नॉर्वेचे नोबेल विजेते कादंबरीकार क्नुट हाम्सुन यांनी तर युद्ध सुरू असताना, १९४३ मध्ये, आपलं नोबेल पदक गोबेल्सला भेट दिलं.

सावरकर, १९३८

आता त्या बिनतारखेच्या वाक्यांकडे येऊ.

रत्नागिरीतली स्थानबद्धता १९३७ मध्ये संपल्यावर सावरकर हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. १ ऑगस्ट १९३८ ला पुण्यातल्या मोठ्या सभेत ते परराष्ट्र धोरणावर बोलले. त्यांचं म्हणणं असं: जर्मनीला नाझीझम आणि इटलीला फॅसिझम स्वीकारण्याचा पूर्ण हक्क आहे. कुठल्या देशाला कोणती राज्यपद्धती मानवते हे त्या देशानेच ठरवावं. नेहरूंनी त्यांना उपदेश करू नये. हिटलर चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रांत मागत होता, त्यालाही त्यांचा पाठिंबा होता, कारण तिथले लोक वंशाने आणि भाषेने जर्मन.

इथपर्यंत हे 'शत्रूचा शत्रू तो मित्र' या चौकटीत बसवता येतं, आणि सावरकरांचे समर्थक तसंच बसवतात. ब्रिटनशी झुंजणाऱ्या देशाने ब्रिटनच्या विरोधकाला का दुखवावं, असा हा युक्तिवाद आहे.

मात्र १४ ऑक्टोबर १९३८ चं मालेगावचं भाषण या चौकटीत बसत नाही. त्याचं शब्दशः टिपण आणि भाषांतर इंग्रज सरकारच्या गृहखात्याने केलं होतं, ते मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आहे. त्यात सावरकर म्हणतात की राष्ट्र बनतं ते तिथल्या बहुसंख्याकांमुळे, आणि उदाहरण देतात जर्मनीतल्या ज्यूंचं, जे अल्पसंख्य होते म्हणून त्यांना तिथून घालवलं गेलं. हा परराष्ट्र धोरणाचा मुद्दा उरत नाही. जर्मनीचं उदाहरण घेऊन घरातल्या अल्पसंख्याकांना दिलेला हा इशारा आहे, आणि तोही मालेगावात.

तारीख बघा. ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे न्युरेंबर्गचे कायदे सप्टेंबर १९३५ मध्ये झाले होते. ते गुप्त नव्हते, जगभरच्या वर्तमानपत्रांत आले होते. मालेगावच्या भाषणानंतर चारच आठवड्यांनी, ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री, जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली आणि दुकानं फोडली गेली. गॅस चेंबर मात्र अजून अस्तित्वात नव्हते. सावरकरांनी सहा दशलक्ष ज्यूंच्या हत्येचं समर्थन केलं, असं सुचवणाऱ्या पोस्ट खोट्या आहेत. आणि 'तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं' म्हणणाऱ्या पोस्टही तितक्याच खोट्या आहेत.

गुंतागुंत पुढेही आहे. युद्ध सुरू झाल्यावर याच सावरकरांनी हिंदू तरुणांना ब्रिटिश सैन्यात भरती व्हायला सांगितलं, म्हणजे हिटलरच्या विरुद्ध लढणाऱ्या सैन्यात. हेतू हिंदूंना लष्करी शिक्षण मिळावं हा होता, मुंजेंचाच जुना धागा. आणि डिसेंबर १९४७ मध्ये ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या कल्पनेचं त्यांनी जाहीर स्वागत केलं.

'वुई' नावाचं पुस्तक

माधव सदाशिव गोळवलकर यांचं 'वुई ऑर अवर नेशनहूड डिफाइन्ड' हे इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये नागपुरात निघालं. म्हणजे नोव्हेंबरच्या त्या रात्रीनंतर. त्यात ज्यूंना बाहेर काढणाऱ्या जर्मनीच्या वंशाभिमानाचा दाखला हिंदुस्थानाने धडा घ्यावा असा म्हणून दिला आहे. या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात स्पष्ट मजकूर, आणि त्याला संदर्भ लावून मऊ करायला फारशी जागा नाही.

पुस्तकाला प्रस्तावना होती लोकनायक बापूजी अणे यांची. त्यांनी कौतुक केलं, पण लेखकाची भाषा जहाल असल्याचंही तिथेच नोंदवलं. गोळवलकर पुस्तक निघालं तेव्हा सरसंघचालक नव्हते, ते झाले १९४० मध्ये. पुढे हे पुस्तक पुन्हा छापणं बंद झालं आणि संघानेही त्यापासून स्वतःला वेगळं काढलं.

आणि नेताजी?

सुभाषबाबूंचं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. १९३५ च्या 'द इंडियन स्ट्रगल' या पुस्तकात त्यांनी साम्यवाद आणि फॅसिझम यांचा मिलाफ हा हिंदुस्थानचा मार्ग असेल असं लिहिलं. मुसोलिनीला ते एकाहून अधिक वेळा भेटले. पण १९३६ च्या मार्चमध्ये, हिटलरने गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचं भाषण केल्यावर, त्यांनी जर्मनीतल्या परिचिताला पत्र लिहून नवा जर्मन राष्ट्रवाद संकुचित, स्वार्थी आणि उद्धट आहे असं स्पष्ट सांगितलं. १९३८ मध्ये पुस्तकातला तो शब्दप्रयोग बरोबर नव्हता हेही मान्य केलं.

तरीही १९४१ मध्ये ते बर्लिनला पोहोचले आणि २९ मे १९४२ ला हिटलरला भेटले. व्हॉट्सॲपवर फिरतो तो फोटो याच भेटीचा. त्यांना हवं होतं सैन्य आणि स्वातंत्र्याला जाहीर मान्यता. घरातल्या कुणाशी जर्मनीसारखं वागायचं हा विचार त्यांच्या राजकारणात नव्हता. आझाद हिंद सेनेत हिंदू, मुसलमान, शीख एकत्र जेवायचे. पण १९४२ च्या बर्लिनमध्ये वर्षभर राहणाऱ्या माणसाला शहरातल्या ज्यूंचं काय होतंय हे दिसत नसेल, असं मानणं अवघड आहे. त्यावर ते जाहीरपणे काही बोलले नाहीत.

नाही म्हणणारेही होते

'त्या काळात सगळेच भारावले होते' हे वाक्य मला पटत नाही, कारण त्याच काळात त्याच शहरांत नकार देणारी माणसं होती.

नेहरूंची पत्नी कमला फेब्रुवारी १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गेली. अस्थी घेऊन परतताना विमान रोमला थांबणार होतं, आणि मुसोलिनीचं भेटीचं निमंत्रण आलं. इटलीची सेना तेव्हा इथिओपियात विषारी वायू वापरत होती. नेहरूंनी नाही म्हटलं. विमानतळावर अधिकाऱ्यांनी गळ घातली, तरी ते ठाम राहिले. हा प्रसंग त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त सांगितलाय, आणि ते पुस्तक त्यांनी लिहिलं आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना.

१९३८ मध्ये, म्हणजे पुण्या-मालेगावच्या त्या भाषणांच्याच वर्षी, काँग्रेसने जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला माहीत असतात. ते १९४२ मध्ये तिथेच वारले. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. मुंजेंच्याच गावचे डॉक्टर.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांचे रॉयवादी सहकारी फॅसिझमविरोधी युद्ध म्हणून मित्रराष्ट्रांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी लोकांच्या शिव्याही खाल्ल्या. मुंबईच्या कामगार वस्तीत अण्णा भाऊ साठे 'स्टालिनग्राडचा पोवाडा' गात होते. स्टालिनच्या स्वतःच्या छळछावण्यांबद्दल त्या वस्तीत कुणी पोवाडा रचला नाही, हेही खरंच. आणि जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्या. रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी भारतीयांच्या विभूतिपूजेवर जी टीका केली, तिच्या रोखात त्या वेळचे देशातले दोन सर्वात मोठे नेते, गांधी आणि जिना, होते.

हिटलरबद्दलचं छुपं आकर्षण आपल्याकडून पुरतं गेलंय असंही नाही. 'माईन काम्फ'चा मराठी अनुवाद स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या गाळ्यावर आजही व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेला असतो.

इटलीत गेलेले बाकीचे मराठी

युद्धाच्या वर्षांत कल्याणजवळ लष्कराची प्रचंड छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक उतरले होते, आणि त्यांत 'मराठा लाइट इन्फंट्री'च्या पलटणी होत्या.

रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे त्यातले एक. मुंजे रोमला गेले त्यानंतर तेरा वर्षांनी, १० जुलै १९४४ ला, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जर्मन मशीनगनचा मारा झाला. सोबतचे सगळे पडल्यावर ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले, ते काबीज केलं आणि तिथेच गोळी लागून मरण पावले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी तोच सन्मान मिळवला, आणि ते जिवंत परतले.

घाडगेंचा पुतळा माणगावच्या तहसील कार्यालयाच्या आवारात आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ बसवण्यात आलं.